खंडूच्या दुखण्याचा हंगाम

आज सकाळपासून मळ्यात कात्र्या चालू झाल्या. कटकट, कटकट, मधेच कुणीतरी खळखळून हसतं, पुन्हा कटकट. द्राक्षाची गोडी छाटणी, फळ धरण्यासाठीची, म्हणजे आमच्याकडे वर्षाचा खरा पहिला दिवस, पाडवा काय तो कॅलेंडरवर. दुपारपर्यंत ओल्या काड्यांचा तुरट वास थेट स्वयंपाकघरात येतो. संध्याकाळी बायका काड्यांना डोळे फुटण्यासाठीची लाल पेस्ट लावून परततात तेव्हा त्यांचे हातमोजे लालभडक झालेले असतात आणि तोंडं उन्हानं तशीच. ह्या दिवसांत सगळ्यांना हुरूप येतो. मला धास्ती वाटते. आता इतकी वर्षं झाली तरी वाटतेच.

दिंडोरीच्या अलीकडे आमचा मळा. मी मूळची नाशिकची, पंचवटीतली. लग्न होईपर्यंत द्राक्षं म्हणजे कागदी पिशवीत मिळणारी वस्तू एवढंच मला ठाऊक. इथं आले आणि कळलं की ही माणसं वर्षातले सहा महिने जीव मुठीत धरून जगतात. आभाळात कापसाएवढा ढग दिसला की माझे सासरे, म्हणजे नाना, खाट सोडून उभे राहतात. नवरा अविनाश मोबाइलवर हवामान बघतो, नाना आभाळ बघतात, आणि दोघांचं कधी जुळत नाही. माझा स्वभाव आधीच काळजी करायचा. आई म्हणायची, हिला काळजीचं कारण नसलं की त्याचीच काळजी लागते. अशा बाईला द्राक्षवाल्याच्या घरात द्यायचं म्हणजे आगीत तेल. पण मी ज्या हंगामाबद्दल सांगतेय त्यात आभाळाचं कुणाला फारसं सुचलंच नाही. त्या वर्षी आम्ही खाली बघत होतो. एका कुत्र्याच्या पुढच्या डाव्या पायाकडे.

खंडू आमच्याकडे आला तो चंपाषष्ठीला. नाना देवाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून बाहेर आले तर ओट्यावर हे तांबूस पिल्लू बसलेलं. "देवानं धाडला," म्हणाले, आणि नाव ठेवून मोकळे झाले. सासूबाई गेल्यापासून नानांचं निम्मं बोलणं खंडूशीच. आम्हाला घरातल्या कितीतरी गोष्टी नाना खंडूला सांगत असताना कळायच्या. "काय रं खंडू, आज भाजीत मीठ कमी हाय का मलाच लागंना?" हे मला ऐकवायचं असायचं. मीही खंडूलाच उत्तर द्यायचे. आमचं सासऱ्या-सुनेचं असं त्याच्यामार्फत बरं चाललेलं.

तो अकरा वर्षांचा झाला त्या छाटणीला लंगडायला लागला. काटा असेल. नसेल तर तार लागली असेल. मुरगळला असेल. मळ्यात प्रत्येकाकडे एकेक निदान तयार होतं. नानांनी आंबेहळदीचा लेप लावला, वर फडकं बांधलं. फडकं खंडूनं फाडून टाकलं. आठ दिवसांनी मी त्याचा पाय हातात घेतला तर मनगटाच्या वर एक टणक फुगवटा लागला, कच्च्या पेरूसारखा, आणि गरम. खंडूनं माझा हात तोंडात धरला. चावला नाही. नुसता धरून ठेवला, की बाई, पुरे कर.

नाशिकला गंगापूर रोडच्या जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर मॅडमनी त्याच्या पायाचा आणि छातीचा एक्सरे काढला. मॅडम तशा तरुण, पण बोलण्यात घाई नाही. फिल्म उजेडावर धरून त्यांनी नानांनाच दाखवली. हाड कडेनं कुरतडल्यासारखं दिसत होतं. हाडाचा कॅन्सर, म्हणाल्या. छातीत दोन ठिपके होते, म्हणजे तो फुप्फुसापर्यंत गेलेला. पाय काढूनही आता फार काही हाती लागणार नव्हतं.

"कुत्र्याला पण हा रोग होतो?" नाना एवढंच बोलले.

"होतो, नाना. अगदी माणसासारखा."

"मंग औशीद कशापायी? बरा व्हणार नाय म्हणता अन औशीद बी देता."

"दुखू नये म्हणून," मॅडम म्हणाल्या. "रोग मला थांबवता येणार नाही. दुखणं थांबवता येईल, निदान बरंच कमी करता येईल. आता तेवढंच काम आपल्या हातात आहे."

नानांनी मान हलवली. मला मात्र रडू आलं, आणि ते बघून खंडूनं शेपूट हलवली. तेव्हा मॅडमनी जे सांगितलं ते मी कधी विसरणार नाही. म्हणाल्या, शेपटीवर विश्वास ठेवू नका. तुम्हाला बघून आनंद होतो तो वेगळा आणि पाय दुखतो तो वेगळा. दोन्ही एकाच वेळी असू शकतं. जनावर दुखणं लपवतं, ते त्याच्या रक्तातच असतं. मग बघायचं काय, तर तो एकाच जागी किती वेळ बसतो, बसल्या बसल्या धापा टाकतो का, पाय चाटत राहतो का, खाताना मधेच थांबतो का. रोज लिहून ठेवा, आणि औषध घड्याळ लावून द्या. कण्हायला लागल्यावर नाही, त्याच्या आधी.

नानांना हे पटेना. दुखत नसताना औषध म्हणजे त्यांच्या लेखी नासाडी. मॅडमनी खुर्ची पुढं ओढली. "नाना, डावणी पानावर दिसल्यावर फवारता की आधी?"

नाना हसलेच. डावणी हा द्राक्षाचा असा रोग की पाना-घडावर दिसला म्हणजे उशीर झाला. "दिसल्यावर फवारून काय उपेग, मॅडम? तवर घड गेलेला असतो."

"झालं तर मग."

परत येताना गाडीत नाना खंडूला सांगत होते, "पोरगी हुशार हाय रं." मला जरा हायसं वाटलं. माझं हायसं वाटणं कधी फार टिकत नाही, ते सोडा.

नानांची एक डायरी असते. फवारणीची. कुठल्या तारखेला, किती वाजता, कोणतं औषध, किती लिटर पाण्यात, वारा कसा होता, सगळं त्यात उतरलेलं. आमचा माल परदेशी जातो, आणि जायच्या आधी मण्यांची तपासणी होते. औषधाचा अंश ठरल्यापेक्षा जरा जास्त निघाला की अख्खा प्लॉट नाकारतात. त्यामुळे कुठलं औषध तोडणीच्या किती दिवस आधी बंद करायचं हे नानांना आरतीसारखं पाठ. ह्या बाबतीत त्यांच्याशी वाद घालायची कृषी अधिकाऱ्याचीही टाप नाही. त्याच डायरीच्या मागच्या बाजूनं त्यांनी खंडूचं पान सुरू केलं. सकाळचं औषध खाण्याबरोबर मी द्यायचं, दुपारची आणि संध्याकाळची गोळी नानांनी. गुळाच्या खड्यात गोळी दाबायची, वर जरा तूप. खंडू गूळ खायचा आणि गोळी थुंकायचा. नाना गोळी पुन्हा उचलून, पुसून, नव्या गुळात. "माझ्यापरीस दोन पावसाळे जास्त बघितल्यावानी करतोस व्हय रं?" असं त्याला बोलायचे.

पहिले तीन आठवडे बरे गेले. खंडू फाटकापर्यंत यायला लागला, माझी स्कूटर ऐकून. नानांच्या मागं ओळींमधून हळूहळू फिरायला लागला. मी मात्र त्याच्याकडे बघत बसायचे. भाकरी थापताना बघायचे, कपडे वाळत घालताना बघायचे. जीभ बाहेर आहे ती उन्हानं की दुखण्यानं? आता उठला आणि लगेच बसला, का बसला? मी नाशिकला चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. दिवसभर माझं काम एकच, भिंग बदलायचं आणि विचारायचं, आता बरं का मघाशी बरं? लोक सांगतात. चुकीचं सांगतात, उलटसुलट सांगतात, काही आजोबा तर मला बरं वाटावं म्हणून सांगतात. पण सांगतात. घरी आले की मी खंडूसमोर उकिडवी बसायचे आणि तेच विचारायचे. आता बरं का काल बरं? तो माझ्या गुडघ्यावर हनुवटी ठेवायचा. ह्यातून काय समजायचं माणसानं?

मग अवकाळी आला. घड फुलोऱ्यात आणि वर चार दिवस झिमझिम. त्या दिवसांचा आवाज म्हणजे ट्रॅक्टरमागच्या फवारणीच्या ब्लोअरचा घोंघावता आवाज. सकाळी फवारलं की दुपारी पाऊस धुऊन न्यायचा, की पुन्हा ट्रॅक्टर. अविनाशच्या अंगाला, टॉवेलला, चहाच्या कपालासुद्धा औषधाचा वास. आणि ह्याच धांदलीत खंडू बसला. फाटकापर्यंत येईना. गोठ्याच्या भिंतीकडे तोंड करून बसायचा. पाय चाटून चाटून तिथले केस गेले, कातडी ओली लाल दिसायला लागली. भाकरीचा तुकडा तोंडात घ्यायचा आणि तसाच धरून बसायचा, पुढं काय करायचं हे विसरल्यासारखा. नानांनी हाक मारली की शेपूट मात्र हलायची. दोनदा, जमिनीवर आपटून.

मी मॅडमना फोन केला. त्या बुचकळ्यात पडल्या. एवढ्या लवकर इतकं वाढायला नको, म्हणाल्या. "औषध वेळेवर चाललंय ना? लिहिताय ना? पानाचा फोटो पाठवा मला."

मी नानांची डायरी उलटी करून ते पान काढलं. नानांचं अक्षर ठसठशीत. दुपार, खाडा. दुपार, खाडा. दुपार, संध्याकाळ, दोन्ही खाडा. सलग नऊ दिवस. आणि समासात, फवारणीच्या शेऱ्यासारखंच नीट लिहिलेलं, 'अंश उतरावा म्हणून सोडले.'

म्हणजे त्यांनी काही लपवलं नव्हतं. डायरी देवळीत, सगळ्यांना दिसेल अशी ठेवलेली. मी, जगाची काळजी करणारी, दिवसातून शंभरदा त्या कुत्र्याकडे बघणारी, मी नऊ दिवसांत एकदाही ते पान उलटलं नव्हतं.

"नाना, हे काय केलंत?"

नाना नुकतेच रेनकोट काढत होते. "काय केलं? जरा ग्याप दिला. मॅडमच बोलल्या नव्हत्या का, मधीमधी रक्त तपासू, किडनीवर भार येतो म्हणून? मंग अंगात साचत असंल ना त्ये. आपण माल तोडायच्या आधी किती दिस सोडतो? अन बरा व्हता की तो. शेपूट हलवीत व्हता."

मी ओरडले. सासऱ्यांवर आयुष्यात पहिल्यांदा, आणि चांगलीच ओरडले. बाहेर ट्रॅक्टर बंद करून अविनाश दारात येऊन उभा राहिला. मी म्हणाले, तो काय द्राक्षाचा घड आहे का? तुम्हाला सगळीकडे तुमचा माल दिसतो! हे बोलायला नको होतं. एक तर ते खरं नव्हतं. नानांनी त्या कुत्र्याच्या भल्यासाठीच, त्यांना आयुष्यात जी एक गोष्ट सर्वात नीट येते तीच केली होती. पण तोंडातून गेलेला शब्द काही परत येत नाही.

नानांनी रेनकोट खुंटीला लावला, गोठ्याकडे गेले आणि ओल्या जमिनीवर खंडूशेजारी बसले. मी गूळ आणि गोळी घेऊन गेले तेव्हा ते खंडूकडे नाही, समोर भिंतीकडे बघत होते. दोघंही भिंतीकडे बघत होते.

"नव दिस," नाना म्हणाले. "नव दिस ह्याचं दुखत व्हतं. अन मी आलो की ह्यो शेपूट हलवीत व्हता माझ्यासाठी."

पानाचा फोटो पाठवल्यावर मॅडमचा फोन आला, तो मी स्पीकरवर ठेवला. वाटलं आता ह्याही ओरडतील. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "नाना, किडनीचं मी बघते, रक्त तपासायचं माझ्यावर सोडा. आणि राहिला अंश तर राहू द्या. त्याला कुठं परदेशी पाठवायचाय आपल्याला?"

नाना हसले. हसता हसता उपरण्यानं डोळे पुसले. त्या दिवसापासून त्यांच्या खिशात घरातलं गजराचं घड्याळ असायचं. मळ्यात कुठंही असोत, दोन वाजता ते वाजायचं, आणि विरळणीच्या, घड औषधात बुडवायच्या डिपिंगच्या सगळ्या बायकांना पाठ झालं होतं, "नाना, पळा, खंडूची गोळी!"

आता मी नानांकडेही तशीच बघते. आज सकाळी खाटेवरून उठताना ते मधेच थांबले, आभाळ न्याहाळल्यासारखं केलं. आभाळ निरभ्र होतं. मी विचारलं, गुडघा दुखतोय का? "नाय. वय हाय." पण त्यांचा हात खाटेच्या कडेला किती घट्ट होता ते मी बघितलं होतं. दुकानातही कुणी म्हातारी 'बरं आहे गं' म्हणाली की मला आधी तिच्या कपाळावरच्या आठ्या दिसतात. हे चांगलं की वाईट, मला माहीत नाही. ज्याला बोलता येत नाही त्याचं दुखणं शोधायला शिकले, आणि मग बोलणाऱ्यांवरचा विश्वास थोडा उडाला.

त्या वर्षी मग थंडी पडली. निफाड-दिंडोरीकडची थंडी काय असते ते इथं राहिल्याशिवाय कळत नाही. पहाटे ओळींच्या मधे जागोजागी शेकोट्या पेटवायच्या, धुरानं बागेत ऊब धरून ठेवायची, नाहीतर मणी तडकतात. सूर्य वर येईपर्यंत सगळा मळा धुरकट. खंडूची औषधं वाढत गेली. एक होतं त्याची दोन झाली, दोनाची तीन. प्रत्येक वाढीनंतर दहा-बारा दिवस बरे, मग पाच-सहा, मग दोनच. दुखणं पुढं आणि आम्ही मागं, असा तो पाठलाग. मॅडमनी सांगितलं होतं, त्याला सगळ्यात आवडणाऱ्या तीन गोष्टी ठरवा. त्यातल्या दोन सुटल्या की मला फोन करा. आमच्या तीन ठरल्या होत्या. माझ्या स्कूटरला फाटकात यायचं, नानांबरोबर बागेत फिरायचं, आणि गूळ.

पहिली गेली. दुसरी गेली तेव्हा आम्ही तिघांनीही एकमेकांना सांगितलं नाही. नाना खंडूला उचलून बागेत न्यायला लागले. पंचवीस किलोचं जनावर सत्तरीच्या माणसानं उचलायचं, आणि म्हणायचं काय, तर "फिरून आलो आम्ही." मी मानलं. मला मानायचंच होतं. आज फोन केला तर घाई होईल आणि उद्या केला तर उशीर, मग बरोबर दिवस कोणता? तो दिवस असतो तरी का? दोन्ही चुकांमधली कमी वाईट कोणती, एवढाच हिशेब मी दिवसभर लोकांच्या डोळ्यांसमोर भिंगं बदलता बदलता मनात करत होते. माणसाच्या बाबतीत निदान देवावर टाकता येतं. इथं देव म्हणजे आम्हीच, आणि देवाला तर भाकरी गिळवेना.

एका सकाळी खंडूनं गुळाचा खडा हुंगला आणि तोंड फिरवलं. नाना बराच वेळ तो तळहात तसाच धरून बसले. तूप ओघळून मनगटापर्यंत आलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "लाव फोन."

मॅडम दुपारी आल्या. मण्यांत पाणी उतरून द्राक्षं पिकायला लागली होती, बाग डोळ्यांत भरेल अशी दिसत होती. शेडच्या पुढं ऊन येतं तिथं पोती अंथरून खंडूला ठेवलं होतं. पाय पोटाशी घेऊन, अंग आखडून बसलेला, मान अर्धी वर. अविनाश त्याच्या पाठीशी, नाना तोंडाशी. मी कुठं बसावं ते मला सुचेना, म्हणून मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी.

मॅडमनी समजावून सांगितलं. दोन इंजेक्शनं आहेत. पहिल्यानं नुसती झोप लागेल, दुखणं पूर्ण थांबेल. दुसरं त्यानंतर, त्यानं श्वास थांबेल, आणि ते त्याला कळणारही नाही. नानांनी विचारलं, "पहिल्यानं दुखायचं थांबंल? समदं?"

"सगळं."

पहिलं इंजेक्शन दिलं. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग खंडूची मान हळूहळू खाली आली. पाठीवरचे केस सैल पडले. आणि त्यानं एक लांब श्वास सोडला, कुशीवर वळला, आणि चारी पाय ऐसपैस पसरले. डावा पाय, तो दुखरा पाय, अंगाखाली आला होता. त्याच्यावर सगळं वजन टाकून तो उन्हात आडवा झाला, जबडा उघडा, जिभेचं टोक बाहेर.

मी त्याला असं झोपलेलं पाहून किती दिवस झाले ते आठवायला लागले. छाटणी. छाटणीच्याही आधी. म्हणजे जे दिवस आम्ही बरे म्हणून डायरीत लिहिले, ज्या दिवशी तो फाटकात आला, त्या दिवशीही तो असा झोपला नव्हता. एकदाही नाही. मी तांब्या खाली ठेवला आणि तिथंच पोत्याच्या कडेला बसले.

मॅडमनी दुसरी सुई हातात घेतली. नानांनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

"मॅडम, हात जोडतो, जरा थांबा. झोपू द्या त्याला. लय दिसांनी झोपलाय."

मॅडमनी सुई परत डब्यात ठेवली. आम्ही चौघं त्याला झोपलेलं बघत बसून राहिलो.